थुंकी लावून मारलेली गाठ

पंचगंगेवर गळ टाकायला माणूस एकटा जाऊ शकतो. गळाला गाठ मात्र त्याला एकट्याला मारता येत नाही. काठी टेकवली, पिशवीतून तंगूस काढला आणि गळाच्या नेढ्यात ओवला, की पाठीमागून आवाज येतो, "कुठली गाठ मारालायस?" विचारणारा कोण, याला महत्त्व नाही. तो म्हशी धुवायला आलेला असेल, तालमीतून सुटून पोहायला आलेला असेल, नाहीतर दहाव्याच्या विधीला आलेला असेल आणि गुरुजींना उशीर झालेला असेल. गाठ या विषयात त्याला गती असतेच. कुस्ती आणि तांबडा रस्सा यांच्याबाबतीत कोल्हापुरात तटस्थ माणूस सापडत नाही, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिसरा विषय गाठीचा, तो घाटाच्या पायऱ्या उतरल्याशिवाय कळत नाही.

गाठींनाही घराणी असतात. ज्या गावात शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी ठेवून घेतलं, तिथं हे व्हायचंच. एका घराण्यात नेढ्यातून तंगूस ओवायचा, त्याचे त्याच्याभोवतीच पाच वेढे द्यायचे, टोक नेढ्याजवळच्या फटीतून काढायचं आणि परत वरच्या मोठ्या फासातून घ्यायचं. दुसऱ्या घराण्यात तंगूस दुहेरी करून ओवतात, साधी गाठ मारतात आणि उरलेल्या फासातून अख्खा गळच पार करतात. तिसरं घराणं नेढं मानतच नाही; ते गळाच्या दांडीवरच वेढे घालतं. पुस्तकात पहिलीला क्लिंच म्हणतात, दुसरीला पालोमार, तिसरीला स्नेल. घाटावर तिन्हींना 'आमची गाठ' म्हणतात. बापानं जन्मभर क्लिंच मारली आणि पोरगा पालोमार मारताना दिसला, तर अमक्याचं पोरगं हाताबाहेर गेलं, ही बातमी शिवाजी पुलापर्यंत जाते. ती नेणाऱ्यानं स्वतः कधी मासा धरलेला नसतो.

हा नाद आजचा नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात, ११२९ च्या आसपास, 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. कोल्हापूरचे शिलाहार याच चालुक्यांचे मांडलिक. राज्य कसं मिळवावं आणि मिळाल्यावर कसं टिकवावं, हे सांगून झाल्यावर राजा करमणुकीकडं वळला आणि त्यात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण घातलं. कोणता मासा कुठं राहतो, त्याला काय खायला घालून माणसाळवावं, मग गळाला कसं लावावं, असं सगळं त्यात आहे. माशांच्या तीस-पस्तीस जाती त्यानं नोंदल्या. राजा गळ टाकायला बसल्यावर मागं उभं राहून "कुठली गाठ मारालायस?" असं विचारायची कुणाची टाप नव्हती, म्हणूनच हे लिखाण पुरं झालं असावं.

खरा वाद लावला तो नायलॉननं. त्याआधी दोरा सुती नाहीतर रेशमी. विलायतेत घोड्याच्या शेपटीचे केस वळून दोरी करत. असल्या दोऱ्याच्या अंगात खरखर असते, साधी निरगाठ मारली तरी धागा धाग्याला धरून बसतो. आमच्या गुजरीत पटवेकरी पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून कोल्हापुरी साज गाठवतात. त्यातली एकवीस पानं आणि मधले मणी वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत, कारण दोरा दोऱ्याला सोडत नाही. मग १९३८ साली अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीनं नायलॉन जगापुढं आणलं. बाजारात त्याचं पहिलं काम म्हणजे दात घासायच्या ब्रशचे केस. पाठोपाठ मासे धरायची दोरीही त्याचीच झाली. आता गळवाले तोच तंगूस दातानं तोडतात, म्हणजे हिशेब सरळ झाला.

हा तंगूस गुळगुळीत, ताठ आणि हट्टी. रिळावर ज्या गोलाईत गुंडाळला, त्या गोलाईत परत जायला बघतो. त्यात साधी गाठ मारली तर एक तर ती निसटते, नाहीतर स्वतःलाच चावते. दोरीचं निम्म्याच्या आसपास बळ त्या एका जागी जातं. म्हणून वेढे. वेढ्यांमुळं ओढ एका ठिकाणी न बसता हप्त्याहप्त्यानं वाटली जाते. बारीक तंगूसाला पाच-सहा वेढे द्यावेत, जाडाला तीन-चार पुरतात. जाडाला हौसेनं सात दिले तर ते एकमेकांवर चढून बसतात आणि आवळतच नाहीत. पण हे घाटावर बोलायची सोय नाही. "आमच्या आज्ज्यानं सातच दिल्यात" असं म्हटल्यावर पुढं काय बोलणार? आजोबांचा दोरा सुती होता, हे सांगणं म्हणजे त्यांच्या खानदानाबद्दल बोलणं होतं.

राहिली थुंकी. कोरडी गाठ ओढली की घासून ऊब येते, आणि नायलॉनला ती सोसत नाही. वरून काही दिसत नाही, पण गाठीपाशी तंगूस आतून कमजोर झालेला असतो. म्हणून आवळायच्या आधी गाठ ओली करायची. एरवी दुसऱ्याला थुका लावतात. इथं जो लावत नाही तो फसतो. समोर अख्खी पंचगंगा वाहत असताना गाठ तिच्यात बुडवायचं कुणाच्या मनात येत नाही, सगळे ती तोंडातच घालतात. नदीत आता गाठ धुण्याइतकं पाणी चांगलं राहिलंय की नाही, हा वेगळा लेख होईल. खाली शिरोळकडं उन्हाळ्यात मासे मरून आपण होऊन वर येतात; तिथं गाठीचा प्रश्न कायमचा मिटलाय.

थुंकी बघायची तर खालच्या पायरीवर बसणाऱ्या मामांची. मामांकडं कळकाची काठी, तिच्या शेंड्याला थेट बांधलेला तंगूस, मोरपिसाच्या दांडीचा तरंगा आणि चपट्या शेपटीचा गळ. या गळाला नेढंच नसतं, त्यामुळं क्लिंच की पालोमार हा वाद मामांना लागू होत नाही. गळ डाव्या चिमटीत, वाक तळहाताकडं, शेपटी बाहेर. तंगूसाचं टोक ते दांडीला लावून धरतात, एक सैल फास सोडतात आणि मग उजव्या हाताचं बोट दांडीभोवती फिरायला लागतं. मोजत नाहीत, पण ओठ हलतात. बोट थांबलं की गाठ तोंडात जाते. मामांचे पुढचे दात गेलेले आहेत, म्हणून तंगूस डाव्या दाढेत धरून ते मानेला उजवीकडं एक झटका देतात. वेढे नखानं शेपटीपाशी सारतात, परत एकदा तोंडात, परत एक झटका. उरलेलं टोक विडीच्या निखाऱ्याला लावतात. ते आक्रसून मोहरीएवढं होऊन बसतं. सगळं होईपर्यंत विडी विझलेली नसते.

"मामा, ही गाठ कुठली?"

"गळाची."

शेजारच्या पायरीवर राजारामपुरीचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा बसतो. त्याच्याकडं तंगूस नाही, विणलेली दोरी आहे. तिला ब्रेड म्हणतात असं त्यानं सांगितल्यावर मामांनी "मग मिसळ कुठाय?" असं विचारलं होतं. ही दोरी त्याच जाडीच्या तंगूसाच्या कितीतरी पट ताकदीची, पण इतकी निसरडी की क्लिंच तिच्यावर बसत नाही. ओढलं की वेढे घसरत घसरत सुटून येतात. तिच्या पुढं तंगूसाचा तुकडा जोडायचा तर पोरानं निवडलेली गाठ म्हणजे एफजी. ही खरं तर गाठ नव्हे, विणकाम आहे. ब्रेड ताणून धरायची आणि तिच्यावर तंगूस एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, असा वीसेक वेळा फिरवायचा. मध्येच ताण सुटला की श्रीगणेशा. गाठ होते बारीक, काठीच्या कड्यांतून सळकन जाते, तुटता तुटत नाही. फक्त ती मारायला कारखान्यातला जोडारी लागतो.

तर ब्रेडचं एक टोक दातात, दुसरं पायाच्या अंगठ्याला, मोबाइल चपलेला टेकवलेला, आणि त्यात कुणी परदेशी गृहस्थ आपल्या स्वच्छ टेबलावर स्वच्छ बोटांनी तेच करताहेत. दोन्ही हात, एक पाय आणि तोंड गुंतल्यामुळं पोराला "कुठली गाठ मारालायस?" याचं उत्तर देता येत नाही. उत्तर मिळत नाही म्हणून आणखी माणसं जमतात.

"पंधरा झालं न्हवं?"

"चौदा. मी बघालोय सुरवातीपास्नं."

"मगाशी एक वरनंच गेला, तो धरलास व्हय?"

"त्येला इचार की."

"इचारलं. दात खाऊन बघतंय नुसतं."

पोरगा मान हलवून नाही म्हणतो, त्यासरशी दातातली दोरी ढिली पडते. या मुदतीत मामांची पिशवी चिलाप्यांनी हलायला लागलेली असते.

इथं चिलापीबद्दल सांगितलं पाहिजे. ही मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणली गेली आणि आता सात पिढ्या इथंच काढल्यासारखी नांदते. कणकेची गोळी दिसली की गिळते आणि निमूट वर येते. पाव किलोच्या चिलापीला कुठलीही गाठ चालते. पायजम्याच्या नाडीची सुरगाठ मारली तरी ती तक्रार करणार नाही. घाटावरची सगळी घराणी यशस्वी आहेत, ती चिलापीच्या जिवावर. तिच्यामुळं कुणाचीच गाठ खोटी ठरत नाही आणि कुणालाच काही शिकावं लागत नाही. गाठीची परीक्षा घ्यायला कटला लागतो, नाहीतर शेवाळात मुसंडी मारणारी मरळ, आणि ते गिऱ्हाईक रोज येत नाही.

वामीची तऱ्हा वेगळी. लांबलचक, सापासारखा मासा. गळाला लागली की ओढत बसत नाही, स्वतःच तंगूसाभोवती पिळे घालून घेते. बाहेर काढून दगडावर टाकेपर्यंत ती आणि तंगूस यांत कोण कुणाला धरून आहे ते कळत नाही. क्लिफर्ड ॲश्ली नावाच्या अमेरिकी चित्रकारानं १९४४ साली गाठींचा एक कोश छापला, त्यात ३,८०० च्या वर नोंदी आहेत. वामीनं मारलेली एकही त्यात नसावी. ती सोडवायचा एकच उपाय घाटावर सर्वमान्य आहे: तंगूस कापा. सर्वमान्य असा तेवढाच.

आता पोरगा ब्रेडला जोडत होता तो पुढचा तुकडा. काठीकडून येणारी मुख्य दोरी आणि गळ यांच्यामध्ये हात-दोन हात लांबीचा, थोडा कमी ताकदीचा तंगूस लावतात. त्याला लीडर म्हणतात. तो सगळ्यांच्या पुढं असतो, अडचण आली की पहिल्यांदा तोच तुटतो, आणि तो बदलायची सोय मागच्यांनी आधीच करून ठेवलेली असते. म्हणजे नाव बरोबर आहे.

ही सोय म्हणजे लूप. मुख्य दोरीच्या टोकाला एक कायमचा फास, लीडरच्या टोकाला एक, आणि दोन्ही एकमेकांत अडकवायचे. चिलापीचा बारीक गळ काढून मरळीचा मोठा लावायचा तर कात्री नको, थुंकी नको. फास करायलाही सोपा: तंगूस दुहेरी घ्यायचा, साधी गाठ मारायची, आवळायच्या आधी तिच्यातून आणखी एकदा फिरवायचा. सर्जनची गाठ म्हणतात हिला. याहून देखणी परफेक्शन लूप. तिचा फास दोरीच्या रेषेत अगदी सरळ उभा राहतो. पण अंधारात ती जमत नाही, आणि गळवाल्याची निम्मी कामं अंधारात चालतात.

हे फास घरी बसून करायचे असतात. रात्री मालिका चालू असताना डझनभर लीडर तयार करून भिंतीच्या खिळ्याला टांगून ठेवणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत. त्याच खिळ्याला कॅलेंडर असतं. एकादशी कधी आहे बघायला गेलेल्या आईच्या पदरात गळ रुतला, की त्या घरापुरती लूपविद्या बंद पडते.

अडकवण्यातही गोम आहे. एका फासातून दुसरा घालायचा, मग त्या दुसऱ्या फासातून लीडरचं मोकळं टोक गळासकट ओढून घ्यायचं. नीट बसलं तर दोन फास गळ्यात गळा घालून शेजारी शेजारी बसतात, दोघांवर सारखा भार. घाईत ओढलं तर एक उलटा होऊन दुसऱ्याचा गळा आवळतो. दिसायला तेही जोडलेलंच दिसतं, पण ताण आला की आवळणारा दुसऱ्याला कापतो. मी घाटावर बघतो त्यातले निम्मे जोड गळा आवळलेले असतात. सांगायला गेलं तर "सासऱ्यानं असंच दावलंय" असं उत्तर येतं, आणि सासऱ्याच्या बाबतीत त्रयस्थानं बोलू नये.

माझं मत विचाराल, आणि घाटावर ते कुणी विचारत नाही म्हणून इथं सांगतो, तर जे वारंवार बदलायचं तिथं लूप, जे बदलायचं नाही तिथं गाठ. नेढ्याच्या गळाला पालोमार. ती चुकवायची म्हटली तरी फारशी चुकत नाही. बिननेढ्याच्या गळाला मामा. बाकी शेकडो गाठी पावसाळ्यात राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की चहा पीत बोलायला ठेवाव्यात.

माणसानं मारलेल्या गाठी झाल्या. न मारता बसणाऱ्या वेगळ्याच. रेमर आणि स्मिथ या अमेरिकी संशोधकांनी एका डब्यात दोरी टाकून तो यंत्रानं गरागरा फिरवला. असं ३,४१५ वेळा केलं. दोरी पुरेशी लांब असेल तर काही सेकंदांत तिला आपोआप गाठ बसते, आणि अशा सुमारे १२० निरनिराळ्या गाठी त्यांना मिळाल्या. २००७ साली हे संशोधन छापून आलं आणि पुढच्या वर्षी त्यांना हसू आणणाऱ्या संशोधनाचं इग नोबेल मिळालं. त्यांना एवढा डबा-यंत्राचा खटाटोप करायचं कारण नव्हतं. तंगूसाचं सुटं वेटोळं स्कूटरच्या डिकीत टाकून रंकाळ्यावरून कळंब्यापर्यंत एक चक्कर मारली असती, तर १२१ वी सापडली असती.

शेवटी प्रश्न तुटण्याचा. दोरी कधीतरी तुटणारच. ती कुठं तुटावी हे ठरवणं आपल्या हातात असतं, आणि गाठ निवडायची ती त्याच हिशेबानं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पाणी अडवायला बर्गे घालतात. तिथं पाणी खोल, म्हणून मासा तिथं, म्हणून गळ तिथंच जाऊन अडकतो. बर्ग्यात नाही अडकला तर नदीत सोडलेल्या साडीत, नाहीतर विसर्जनाच्या लाकडी पाटात. लीडर मुख्य दोरीपेक्षा कमजोर असेल आणि मधला जोड पक्का असेल, तर गळापाशी तुटतं आणि एका गळावर भागतं. जोड कच्चा असेल तर लीडर, शिसं, तरंगा सगळं नदीला अर्पण होतं.

तुटलेलं टोक मात्र खोटं बोलत नाही. ते तुटक आणि सरळ असेल तर ओढ खरंच जास्त होती. दगडाला घासलं असेल तर टोक खरबरीत, पांढुरकं दिसतं. पण टोकाला डुकराच्या शेपटीसारखा पीळ राहिला असेल, तर दोरी तुटलेलीच नाही. वेढे घसरले, गाठ सुटली, आणि दोष सर्वस्वी मारणाऱ्याचा. घाटावर हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून गळ सुटला की मासा गेल्याची हळहळ नंतर, आधी पंचनामा.

बंधाऱ्यावर एकदा बावड्याच्या एका गड्याची काठी कमानीएवढी वाकली आणि दुसऱ्या क्षणी ताठ झाली. आजूबाजूचे पाच-सहा जण आपापल्या काठ्या टाकून धावले.

"कटला! पाच किलोचा तरी हुता," गडी तंगूस भराभर गोळा करत म्हणाला.

"टोक दाव."

"आरं पाठ बघितली मी त्येची. ही एवढी!"

"पाठ ऱ्हाऊ दे. टोक दाव आदी."

गड्यानं तंगूस तोंडाशी नेला, काहीतरी गुंतल्यासारखं केलं आणि दातानं वीतभर तुकडा तोडून पाण्यात थुंकला. सगळे एकदम गप्प झाले. मग त्यातला म्हातारा शांतपणे म्हणाला, "तोडलंस न्हवं? मग पाच कशाला, धा किलोचा म्हण की."